बघायला काहीच नाही म्हणे!

सकाळी ग्रुप उघडला तर एका महाशयांचा सल्ला. "वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरला जाताय? पोर्थगेन टाळा. पडक्या विटांच्या भिंती आणि चिखलात बसलेल्या चार होड्या. बघायला काहीच नाही." खाली धडाधड अंगठे. डोकंच फिरलं माझं.

एक तर त्या छोट्या बंदराचं नाव पोर्थगेन नाही, पोर्थगाइन. आणि त्या पडक्या भिंती म्हणजे खडीची कोठारं आहेत हो! वर कड्यावर दगड फोडायचा, बारीक-जाड खडी वेगवेगळ्या कप्प्यांत सोडायची आणि खाली धक्क्याला लागलेल्या जहाजात भरायची. १९३१ साली धंदा बसला. भिंती अजून तटबंदीसारख्या उभ्या आहेत.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन गेले होते. आई कोकणातल्या हर्णै बंदराची. दुपारी एकच्या सुमारास पोचलो तर पूर्ण ओहोटी, होड्या कुशीवर कलंडलेल्या. मीच ओशाळले. "आई, पाणीच नाही गं." तिने धक्क्याच्या भिंतीवर शेवाळाची रेघ कुठवर चढलीय ते पाहिलं आणि म्हणाली, "परवा अमावस्या झाली ना? उधाणाची ओहोटी ही. बस जरा, येईल पाणी."

बसलो. आईचे गुडघे कुरकुरतात म्हणून आम्ही दोघी तिथेच, नवरा आणि पोरं कड्यावरच्या वाटेने अबरेदीचं ब्लू लगून बघायला. तीही पाटीच्या दगडाची जुनी खाण, बंद पडल्यावर समुद्र आत घेतलेली. पाणी असं निळंहिरवं की धाकटा परत आल्यावर रंगाचं नाव शोधत बसला.

बरं, पार्किंग पटकन भरतं आणि वारा टोपी ठेवत नाही डोक्यावर. मान्य. पण म्हणून 'टाळा'?

हर्णैला तरी वेगळं काय करतात लोक! गाडीतून उतरायचं, सुवर्णदुर्गाकडे पाठ करून सेल्फी, मासळीच्या वासाला नाकं मुरडायची आणि निघायचं. आईने आयुष्यभर पाहिलंय ते. चिडत नाही ती. मी चिडते.

महाशयांना विचारलंच शेवटी, किती वेळ होतात तिथे? उत्तर आलं, "वीस मिनिटं. पुढे सेंट डेव्हिड्स करायचं होतं." 'करायचं' होतं!

आम्ही चार तास होतो. बंदराच्या तोंडाशी दोन्ही कड्यांवर जहाजांना वाट दाखवणारे पांढरे खांब आहेत, त्यांच्यामधून पाणी गुपचूप आत आलं. आधी चिखलातल्या दोऱ्या भिजल्या. मग एक होडी जराशी हलली. थर्मासमधला चहा गार झाला होता, आईचं लक्षच नव्हतं. माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "ती निळी उठली बघ."