अडुसष्ट की एकोणनव्वद?

कंट्रोल पॅनेलमध्ये सगळ्यात गरीब प्राणी म्हणजे टर्मिनल. पीएलसीचे (यंत्र चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचे) दिवे लुकलुकतात, कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच, निदान खट्ट करतो. हे बिचारं दोन्हीकडून वायरी धरून गप्प. म्हणून त्यांना नंबर लावायचं काम मी 'अर्ध्या तासाचं' समजून शेवटाला ठेवलं.

35 मिलिमीटरच्या डिन रेलवर (टर्मिनलं अडकवायच्या धातूच्या पट्टीवर) 84 टर्मिनलं, दोन्ही टोकांना ती सरकू न देणारे एंड क्लॅम्प. मार्कर, म्हणजे नंबरांचे तुकडे, दहा-दहाच्या पट्टीत येतात, अंगठ्याने दाबत गेलो. 84 बसला तेव्हा चार पावलं मागे सरकून कौतुकाने बघितलंसुद्धा.

तेवढ्यात ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली. 36 आणि 37 च्या मध्ये एक टर्मिनल वाढलंय. एकच! क्लॅम्प सैल करून रांग सरकवता येते हो; पण पुढच्या 48 मार्करांचं काय? आणि तेवढ्या वायरींवरच्या फेरूलांचं, म्हणजे नंबर छापलेल्या नळ्यांचं? मी '36ए' लिहून मोकळा झालो. पॅनेलमध्ये नंबरापुढे 'ए' दिसला की समजावं, इथे कुणीतरी हात टेकलेत.

फेरूलांनी तर छळच मांडला. वायर सोला, फेरूल सरकवा, मग टोकाला लग (धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, एवढंच. मी लग क्रिंप केला, स्क्रू आवळला, वायर ओढून पाहिली, आणि टेबलावर पिवळं फेरूल तसंच पडलेलं! कॉलरवाल्या लगवरून ते चढत नाही. मग लग छाटा, पुन्हा सोला. दर खेपेला वायर सेंटिमीटरभर आखूड. तिसऱ्या खेपेला ती टर्मिनलपर्यंत पोचेचना. वायरींच्या डक्टमध्ये थोडी ढील सोडून ठेवणारे लोक मला तेव्हा संत वाटले. (हिरवी-पिवळी वायर तेवढी सुखी. नंबर नसला तरी ती अर्थिंगची हे लांबूनही कळतं.)

संध्याकाळी सप्लाय बंद ठेवून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर लावला; दोन्ही टोकं एकाच वायरीची असली की तो बीप करतो. आत मी, पॅनेलच्या दारापाशी मदतनीस.

"दादा, 68 ला बीप येत नाही."

"फेरूल उलटं घातलं असेल. फिरवून वाच."

"मग 89 होतात."

सहा आणि नवाखाली रेघ छापतात ती कशासाठी, हे मला त्या क्षणी कळलं. आमच्या फेरूलांवर ती नव्हती.

"बरं, 89 ला बघ."

"दादा, आपली टर्मिनलं 84 पर्यंतच आहेत."

बराच वेळ कुणीच बोललं नाही.

"36ए ला लावून बघ," मी हळूच म्हणालो.

बीप.