न दुखणारी गाठ
‘गाठ दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही’ हे पापणीवरच्या गाठींविषयीच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. माझ्या आईची वरच्या पापणीवरची गाठ कधीच दुखली नाही. रांजणवाडी समजून आम्ही आठ महिने शेकत बसलो. दोनदा चिरा देऊन काढली, दोनदा परत आली, पण काढलेला तुकडा कुणी तपासायला पाठवलाच नाही. गाठीपुरतेच पापणीचे केस झडले होते, तेही आम्ही वयावर ढकललं. तिसऱ्यांदा बायोप्सी केली तेव्हा तेलग्रंथीचा कॅन्सर निघाला.

पापणीचे कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाहीत हो! त्याच जागी पुन्हा येणारी गाठ, झडलेले केस, खपली पडून परत रक्ताळणारा फोड, ही लक्षणं लेखात ठळक द्यायला हवी होती.