शनिवारच्या जेवणाचा हिशोब

शनिवारी रात्री आमच्या सोलापूरच्या टॉवेल-चादरवाल्यांचा मदतनिधीचा कार्यक्रम झाला. दरवर्षी होतो. लॉन, स्टेज, जुनी गाणी, मग जेवण. टेबल घ्यायचं, वर जमेल ती देणगी बोलायची, आणि जमलेला पैसा धर्मादाय दवाखान्यांना द्यायचा. यंदा एक डायलिसिस मशीन आणि कॅन्सर तपासणीची एक खोली ठरली. मी ५१ हजार बोललो. शाल, श्रीफळ, फोटो. फोटो मी रविवारी इथंच टाकला होता, तुम्ही भरभरून कौतुकही केलंत.

आता सोमवारचं सांगतो. तो फोटो मी सोमवारी काढून टाकला.

सकाळी शेडवर गेलो तर वार्पिंगचा, म्हणजे मागासाठी ताणा भरणारा, आमचा माणूस आत न जाता दारात उन्हाला उभा. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं आहे. म्हटलं काय झालं? म्हणाला, "काय नाय ओ मालक. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छातीत आवळल्यासारखं होतंय. उद्या बरं वाटतंय बघा."

दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर थंडी बाधली म्हणून सोडून दिलं असतं. मला सोडता येईना. माझे आजोबा, आम्ही त्यांना ताता म्हणायचो, तेलंगणातून येऊन जुन्या मिलमध्ये कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायला, लागले होते. मिल बंद पडून कैक वर्षं झाली तरी त्यांचा दम काही गेला नाही. घरात त्याला सोमवारचा दम म्हणायचे. आजी सांगायची, आधी फक्त सोमवारी धाप लागायची, मग मंगळवारीही, मग वारच राहिला नाही.

या दुखण्याला नाव आहे, बिसिनोसिस. कापसाच्या धुळीत जिवाणूंचं विष असतं, त्यानं श्वासनळ्या आवळतात. एक दिवस सुट्टी मिळाली की शरीर जरा सैल पडतं आणि परत धुळीत गेलं की पहिल्याच दिवशी जास्त त्रास होतो. म्हणून सोमवार. सुरुवातीला धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सुधारतो, वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर फुप्फुसाचं नुकसान कायमचं. खरं सांगायचं तर सगळ्यात वाईट धूळ सूतगिरणीच्या ब्लो-रूमला, जिथं कापूस मोकळा करतात, आणि कार्डिंगला असते, विणकामात त्या मानानं कमी. आम्ही मालक लोक हे वाक्य फार आवडीनं वापरतो. पण आमच्या वार्पिंगच्या खोलीत ट्यूबलाईटवर चढलेला पांढरा थर मी रोज बघतो, आणि तो फक्त ट्यूबलाईटवरच बसतो असं समजायला मी काही लहान नाही.

बिसिनोसिस हा कायद्यानं मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, यादीत आहे. आणि इथं माझी गोची होते.

ईएसआय दहा किंवा जास्त कामगार असले की लागू होतो. आमच्याकडं अकरा आहेत. पण कागदावर आमचे कारखाने दोन आहेत, एक वडिलांच्या नावावर, एक आईच्या, म्हणजे दोन्हीकडं माणसं दहाच्या आत. मध्ये भिंतसुद्धा नाही, एकच मीटर होता तो दोन केला, बस्स. शहराच्या पूर्व भागात हे करणारा मी एकटाच आहे असं समजू नका. (ज्यांना राग येईल त्यांनी जरूर यावा, चहा पाजतो.)

सोमवारी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. पीसरेटचा, म्हणजे नगावरच्या मजुरीचा, हिशोब कमीजास्त होतो, सरासरी महिना १५ हजार धरा. माझा वाटा माणशी ४८७ रुपये ५० पैसे. अकरा जणांचे महिन्याला ५,३६२ रुपये ५० पैसे, वर्षाचे ६४,३५०.

आणि स्टेजवरून बोललेली देणगी ५१ हजार.

म्हणजे ज्यांचे पैसे मी वर्षभर वाचवले, त्यांच्यातलेच थोडे कमी करून मी दानशूर झालो. वर करसवलतीची पावती. त्या ६४ हजारांत माझ्या माणसाला काय मिळालं असतं? त्याच्यावर आणि घरच्यांवर उपचार, आणि आजारपणात घरी बसला तर नियमात बसल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. आज तो दारात उन्हाला उभा राहतो आणि धाप कमी झाली की आत जातो, कारण बसून राहिला तर त्या दिवसाचे पीस जातात.

मोठ्या कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे नफ्यातून समाजासाठी खर्च करायचा, कायदा आपल्या बहुतेकांना लागू नाही. त्याला ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा लागतो, मग नफ्याचे दोन टक्के. पण त्या कायद्याच्या नियमात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे: स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही. का, तर ते देणं आहे. देणगी नाही. आम्ही तर उलटं केलं, देणं बुडवून देणगी दिली.

आता कार्यक्रमाबद्दल. तो बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. त्यातून खरंच लोक वाचलेत. कमिटीतली पोरं महिनाभर धंदा सोडून धावतात, त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. माझं भांडण पैसा कुठं जातो याच्याशी आहे.

डायलिसिस मशीनच घ्या. एका पेशंटला आठवड्यातून तीनदा, एकेक वेळी चार तास. एका वेळेला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि आरओचं वाया जाणारं धरलं तर त्याहून कितीतरी जास्त. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे सोलापूरकरांना मी सांगायला नको. उजनी धरण भरून वाहिलं तरी आपण पिंपच भरत बसतो. म्हणजे मशीन चालवायची तर टँकर, तंत्रज्ञाचा पगार, दर वेळचं साहित्य. मी मागच्या बैठकीत म्हटलं होतं, यंदा नवं मशीन नको, आहे त्या मशीनचा पाच वर्षांचा पाण्याचा आणि तंत्रज्ञाचा खर्च उचलू. एक काका हसून म्हणाले, "टँकरवर नाव कुठं लिहायचं?"

हसलो सगळेच. मीही.

तसंच कॅन्सरच्या खोलीचं. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी चालते. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयानं टाटा मेमोरियलच्या लोकांबरोबर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव जाऊन काम केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्या अभ्यासात होत्या. २००९ साली निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी झाली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. जगभर या कामाचा दाखला देतात, आणि आम्ही सत्तर किलोमीटरवर बसून एसी खोलीला कुणाचं नाव द्यायचं यावर तासभर वाद घातला. आमच्याकडच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आणि घरी विड्या वळणाऱ्या त्यांच्या आया-सासवा त्या खोलीपर्यंत कधी यायच्या? एक दिवस गेला की एक दिवसाची मजुरी गेली. तपासणी त्यांच्या गल्लीत गेली पाहिजे, कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत गेली पाहिजे.

भाषणात आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस आलेच, येतातच. एवढंच आठवतं की १९३८ साली लोकांनी वर्गणी गोळा केली तेव्हा तिच्यातून कोटणीसांसह पाच डॉक्टर चीनला गेले होते. माणसं गेली होती, पाटी नव्हे.

असो. मी काय केलं ते सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं लिहितोय. सीएला फोन केला, दोन्ही कारखाने एक करून ईएसआयची नोंदणी करायची म्हणून. तो आधी गप्पच झाला, मग म्हणाला, "मागची थकबाकी पण निघेल, विचार करा." विचार चालू आहे, खोटं कशाला बोलू. वार्पिंगच्या खोलीला एक्झॉस्ट बसवायला माणूस उद्या येतोय. आणि त्याला छातीच्या डॉक्टरकडं नेलं, फुंकून मोजायची चाचणी केली. डॉक्टर म्हणाले, कामावर जायच्या आधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा अशी सुट्टीनंतरच्या दिवशी करा, तेव्हा खरं कळेल.

तो माणूस बाहेर आल्यावर पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? "मालक, आता मला वार्पिंगवरून काढणार का?"

पुढच्या सोमवारी पाळी संपल्यावर परत जायचंय. कमिटीची बैठक बुधवारी आहे.