पॉवर बँक बॅगेच्या तळाशीच ठेवा

विमानप्रवासाला निघताय? मग आधी घरातली चार्ज होणारी यच्चयावत उपकरणं गोळा करा. फोन, टॅबलेट, लॅपटॉप, इअरबड, दाढीचं मशीन, विजेवरचा टूथब्रश. (हातानं दात घासणारी माणसं अजून आहेत म्हणे.) सगळं एकाच बॅगेत कोंबा आणि वर वायरींचा असा गुंता करा की एक्स-रेच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला काही उलगडता कामा नये. लॅपटॉप कपड्यांच्या खाली असू द्या. ट्रे समोर आल्यावरच शोधायला लागा. मागच्या रांगेला तेवढंच मनोरंजन.

नियम पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. मार्च 2017 मध्ये अमेरिकेनं पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या 10 विमानतळांवरून येणाऱ्यांना बजावलं होतं: फोनपेक्षा मोठं यंत्र केबिनमध्ये नको, खाली सामानात टाका. कारण बॉम्बची भीती. त्याच वेळी बॅटरीतले जाणकार सांगत होते की लिथियम बॅटऱ्या खाली नकोत, आगीची भीती. म्हणजे लॅपटॉप वर ठेवला तर अतिरेकी, खाली ठेवला तर आगलाव्या. काही महिन्यांत ती बंदी उठली आणि लॅपटॉप पुन्हा सज्जन झाला.

आता पॉवर बँक. ती चेक-इन बॅगेत चालत नाही, म्हणून तिथेच टाका, अगदी तळाशी, किल्ल्यांच्या जुडग्याला चिकटून. आतल्या बॅटरीचा एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. सामानाच्या खालच्या कप्प्यातला हॅलॉन हा आग विझवायचा वायू ज्वाळा विझवतो, पण तापलेला सेल थंड करत नाही. केबिनमध्ये निदान कुणी पाणी तरी ओतेल. पण तुम्हाला कशाला त्याची उठाठेव!

केबिनमध्ये न्यायच्या पॉवर बँकेला मर्यादा 100 वॅट-तासांची, म्हणजे तिच्यात मावणाऱ्या विजेची. त्यापुढे 160 पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीनं, त्याहून मोठी नाहीच. डब्यावर मात्र ठळक लिहिलेलं असतं 20000 एमएएच, म्हणजे मिलीअँपिअर-तास. त्याला सेलच्या 3.7 व्होल्टनं गुणायचं, हजारानं भागायचं, उत्तर 74 वॅट-तास. हे गणित तपासणीच्या टेबलाशी उभं राहून, तेही मोठ्यानं वाद घालत करा. छापील अक्षरं आधीच पुसून टाकलीत तर वाद चांगला रंगतो. आणि पॉवर बँक फुगलेली असेल तर अजिबात टाकू नका, इतक्या वर्षांची सोबत आहे.

केबिनमध्ये न्यायचीच वेळ आली, तर वरच्या कप्प्यात, सगळ्यांच्या कोटांखाली. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर उभ्या विमानात वरच्याच कप्प्यातून आग लागली. माणसं सगळी बाहेर पडली, विमान जळालं, संशय पॉवर बँकेवर गेला. त्या देशानं मार्चपासून ती वर ठेवायला बंदी केली. घाबरट लोक!

राहता राहिला फोन. तो सीटच्या फटीत पडला, तर कर्मचाऱ्यांना हाक मारू नका. ते येऊन सीट हलवू नका म्हणतील. तुम्ही बटण दाबून सीट खुशाल मागेपुढे करा. फोन नीट चेपला गेला की धूर येतो, आणि मग तो नेमका कुठे आहे ते सगळ्या विमानाला कळतं.