कशाला हो?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न विचारायचा नसतो, हे मला कळतं. पण हातात दळणाचा डबा, घर सातव्या मजल्यावर आणि समोर लिफ्टचं बंद दार, अशी वेळ आली की कळलेलं वळत नाही. मी लिहिलं, "ए विंगची लिफ्ट कधी सुरू होणार, कोणाला माहीत आहे का?"

यातल्या 'कोणाला माहीत आहे का'ने घात केला. ज्यांना माहीत नव्हतं ते सगळे कर्तव्यबुद्धीने धावून आले. "मला नाही माहीत." "मलाही नाही." "आम्ही गावाला आहोत." बी विंगमधून कोणीतरी "आमची मस्त चालू आहे" असं कळवून जखमेवर मीठ चोळलं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मागच्या सर्वसाधारण सभेत आपण हेच बजावलं होतं, पण तेव्हा गणपूर्तीच नव्हती, ही हकिकत चार परिच्छेदांत सांगितली. तेवढ्यात सी विंगने विचारलं, "आज टँकर येणार का?" आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जाहीर केलं, "संकष्टीसाठी उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेत आहे. कोणाला हवेत का?"

मग सेक्रेटरी अवतरले आणि म्हणाले, "हो."

बस, एवढंच. कशाला हो? लिफ्टला, टँकरला की मोदकांना? ए विंगने धन्यवादांचा पाऊस पाडला. काकूंनी लगेच विचारलं, "किती?" सेक्रेटरी म्हणाले, "दोन." त्यासरशी सी विंग उसळली, "दोनच टँकर? चार विंगना?" आमच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "दोन म्हणजे दुपारी दोन ना? तोवर खालीच थांबते." काकूंनी ठणकावलं, "दोन परवडत नाहीत. कमीत कमी अकरा." यावर सी विंगमधून "काकूंना पाठिंबा! अकरा टँकर आलेच पाहिजेत!" अशी घोषणा झाली. सेक्रेटरी तोवर मीटिंगमध्ये शिरले होते.

मेसेज उजवीकडे सरकवला की तो आपल्या उत्तराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि कशाला हो ते जगाला कळतं. बोटाचं एवढंसं काम. पण त्यासाठी आपल्या 'हो'चे तीन अर्थ निघू शकतात अशी शंका मनाला शिवावी लागते आणि पदाधिकाऱ्यांना ती शिवत नाही.

बरं, हे दुखणं आजचं नाही. इंटरनेटवर कसं वागावं याची एक नियमावली १९९५ साली निघाली होती, आरएफसी १८५५ नावाची. इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी ती लिहिली. व्हॉट्सॲपचा तेव्हा पत्ताही नव्हता, तरी त्यात स्पष्ट म्हटलंय की उत्तर देताना मूळ मजकुरातलं संदर्भापुरतं सोबत ठेवा. सगळं कॅपिटल अक्षरांत लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं, असंही त्यात आहे. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत हे आपलं नशीब, असं मला वाटायचं. पण आमच्याकडे ओरडायला उद्गारचिन्हं पुरतात. पार्किंगच्या वादात एका गृहस्थांनी 'गाडी काढा'पुढे इतकी ठोकली होती की गाडीला कुंपणच झालं.

त्या नियमावलीतला मला सगळ्यात आवडलेला सल्ला म्हणजे, डोकं तापलं असेल तर उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या. आमच्याकडे रात्र जाऊ देत नाहीत, रात्रीच पाठवतात. सकाळी तिथे 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढीच ओळ उरते आणि खाली "काय होतं? काय होतं?" विचारणाऱ्यांची रांग. हल्ली पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्तही करता येतो, पण स्क्रीनशॉट काढणाऱ्याला पंधरा सेकंद पुष्कळ होतात.

शेवटी मी डबा खाली ठेवला आणि वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "पार्ट आणायला माणूस भोसरीला गेलाय साहेब. सहा वाजतील." ज्याला माहीत होतं तो ग्रुपवर नव्हताच.

जनहितार्थ मी माझाच प्रश्न उजवीकडे सरकवला, वर नीट बसवला आणि खाली लिहिलं, "ए विंगची लिफ्ट संध्याकाळी सहानंतर सुरू होईल."

काकूंचं उत्तर आलं, "चालेल. सहाला पाठवते. अकरा ना?"