आधी खोल पाण्यात ढकला, मग चावी फिरवा!

किती वेळा सांगायचं? परवा पुन्हा तेच. माझी जेट बोट ट्रेलरवरून उतरली, पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, आणि मी दोर सोडतोय तोवर पाहुण्याने इंजिन सुरू केलं! खालून खडखड असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा.

"पण हिला पंखा कुठंय बाहेर? उथळ पाण्यातच तर चालते ना ही?" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. अहो, पंखा बाहेर नाही, आत आहे. जेट बोट तळातून पाणी ओढते, आतला फिरता पंखा, म्हणजे इम्पेलर, ते जोरात मागे फेकतो. वेगात असताना उथळ पाण्यावरून निघून जाते, मान्य. पण जागेवर उभी असताना ती खालची वाळू, खडे, शेवाळ सगळंच ओढते. पाणी ओढायच्या तोंडावरची जाळी मोठे दगड अडवते, बारीक खडी नाही. इम्पेलर आणि त्याभोवतालच्या वेअर रिंग नावाच्या कड्यामध्ये मिलिमीटरभरही फट नसते. तिथे एक खडा अडकला की पात्यांना खाचा, रिंगेवर ओरखडे. मग इंजिन नुसतं बोंबलतं आणि बोट पुढे सरकत नाही.

नवीन स्पीकर लावले, गाद्या बदलल्या, त्याचं कौतुक सगळे करतात. पंप उघडून रिंग बदलायला मात्र मी एकटा, ट्रेलरखाली पाठीवर पडून.

आता किल्ली माझ्या मनगटालाच राहणार. कुणाला राग आला तर येऊ दे.