फोटोची मागची बाजू

परवा जुन्या आठवणींच्या एका ग्रुपवर कृष्णधवल फोटो आला. पंधरा-वीस माणसं रांगेत उभी, मागे लाकडी खांबांची इमारत. वर फक्त 'गेले ते दिवस!' आणि खाली बदामांचा पाऊस. त्या गर्दीत एका आजोबांनी साधंच लिहिलं होतं: डावीकडून तिसरे माझे वडील, इमारत पाडली त्याच्या आदल्या वर्षीचा फोटो आहे, कडेला अर्धी दिसतेय ती बाई तिथं झाडलोट करायची, तिला सगळे आक्का म्हणायचे.

चार दिवसांत तोच फोटो आणखी तीन ठिकाणांहून माझ्याकडे आला. एकावर कोपऱ्यात ॲडमिनचं नाव, ठळक. एकात एआयनं माणसांना रंग फासलेला (सदऱ्याचा निळा रंग कुठून आणला देव जाणे, आणि चेहरे इतके गुळगुळीत केलेत की आजोबांनाही वडील ओळखू येणार नाहीत). एकातून ती बाईच कापून टाकलेली, चौकटीत बसत नव्हती म्हणून. आजोबांचं लिहिणं मात्र एकाही ठिकाणी नव्हतं.

गावाचा इतिहास ऑनलाइन जपतोय म्हणतो तेव्हा आपण बहुतेक वेळा असंच करत असतो. चित्रं फिरवतो. चित्र टिकवणं त्यातल्या त्यात सोपं. कोण, कुठे, कधी, आणि हे सांगतंय कोण, एवढं सोबत राहिलं नाही तर उरतात ती कुठल्याही गावाची कुठलीही माणसं.

दुसऱ्यांना काय बोलू, मी स्वतः हेच केलंय. घरचा जुना अल्बम मोठ्या हौसेनं स्कॅन केला, फक्त पुढून. पुढे अल्बमला वाळवी लागली. फेकताना एक फोटो उलटा पडला आणि मागे पेन्सिलीनं लिहिलेली नावं दिसली. बाकीच्यांच्या मागेही असणार. ती गेली. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतो, आधी मागची बाजू स्कॅन कर. छोटा फोटो असेल तर ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारकाईनं होतो त्याचं हे माप). आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवलास की तो आक्रसतो आणि फाइलच्या पोटातली तारखेची, जागेची माहितीही गळून जाते.

'फेसबुकवर आहे की सगळं' असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तिथल्या कम्युनिटीत आपण कमी का लिहिलं होतं? लोकांनी स्वतःची पानं फुकट बनवायची जिओसिटीज ही साइट याहूनं २००९ मध्ये गुंडाळली. त्यातलं जे आज बघायला मिळतं ते बरंचसं स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत घाईघाईनं उतरवून घेतलं म्हणून. नकाशावर जागेनुसार फोटो लावायची पॅनोरामिओ नावाची सुंदर सोय होती, गावाच्या आठवणींसाठीच केल्यासारखी. गुगलनं ती २०१६ मध्ये बंद केली. हे सगळे धंदे आहेत, आपली तिजोरी नव्हे. म्हणून मूळ फाइल स्वतःकडे, एक प्रत दुसऱ्याच्या घरी, आणि कॉपीराइटचा प्रश्न नसेल तर एक इंटरनेट आर्काइव्ह किंवा विकिमीडिया कॉमन्स अशा सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात. माहिती युनिकोडमध्ये टाइप केलेली, म्हणजे कुठल्याही फोनवर, संगणकावर मराठी मराठीच दिसेल. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कितीतरी स्मरणिका आज उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

पण खरं काम माणसांपाशी आहे. म्हाताऱ्या माणसाला 'पूर्वी कसं होतं हो?' विचारलं की 'सगळं छान होतं' एवढंच मिळतं. त्यापेक्षा हातात फोटो द्या, फोनचं रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगा, आणि विचारा, या दारातून आत गेलं की डाव्या हाताला काय होतं? पहाटे पहिला आवाज कसला यायचा? इथं कोणाला येऊ देत नसत? शेवटच्या प्रश्नाला लोक थोडे थांबतात. 'सगळं छान'च्या पलीकडचं तिथं सुरू होतं.

दोन माणसं एकाच घटनेची दोन वेगळी सालं सांगतील, भांडतीलही. भांडू द्यात. दोन्ही नोंदवा, नावानिशी. इमारत कधी पाडली याच्यावरून तुटेपर्यंत ताणलेला वाद मी वाचलाय, आणि त्या वादात इमारतीबद्दल जे कळलं ते कुठल्या स्मरणिकेत नव्हतं. मात्र हयात माणसांच्या घरातल्या गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. आठवण सांगणाऱ्याची असली तरी अब्रू दुसऱ्याची असते.

आणि कडेची माणसं कापू नका. रांगेत उभ्या असलेल्यांची नावं कुठल्यातरी अहवालात, कोनशिलेवर सापडतील. झाडलोट करणाऱ्या आक्काचं खरं नाव सापडायची जागा बहुधा एकच, कुणाच्या तरी आठवणीतली.

ज्यांनी तो फोटो पहिल्यांदा टाकला त्यांना मी मेसेज केलाय, मागे काही लिहिलंय का बघा म्हणून. आजोबांचं लिहिणंही जोडून दिलंय. निळ्या खुणा दिसतायत, उत्तर अजून नाही.